गाठींचा हिशेब



आईबरोबर मंडईत जाता ना? मग आई भाव कसा करते तेही पाहिलं असेल. ‘वीसला जुडी? दहाला द्या!’ मीसुद्धा त्यातलीच बरं का! घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत एका दुकानात माझी ही सवय चांगलीच अंगाशी आली. तीच गंमत आज सांगते.

माझी धाकटी बहीण नोकरीसाठी तुर्कस्तानात, इस्तंबूलला राहते. सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. तिथून रात्रभराच्या बसने आम्ही दोघी कापादोक्या भागातल्या गोरेमे गावी गेलो. तिथे शंकूसारखे उंच उंच दगडी सुळके आहेत. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला हा दगड मऊ. म्हणून माणसांनी तो कोरून आत चक्क घरं केली! गावात हिंडताना एका गल्लीत हाताने विणलेल्या गालिच्यांचं दुकान दिसलं आणि आम्ही आत शिरलो.

दुकान एका कुटुंबाचं होतं. मुलगा गिऱ्हाइकं बघतो, सून पैशांचं बघते आणि सत्तरीच्या आजी मागावर विणत बसतात. तिकडे अनोळखी वयस्कर बाईंना ‘तेयझे’ म्हणतात. तेयझे म्हणजे मावशी! आपणही नाही का, ‘अहो मावशी, जरा सरकता का?’ असं म्हणत? अगदी तस्संच. आणखी गंमत सांगू? तुर्की भाषेत रंगाला ‘रेंक’, दुकानाला ‘दुक्क्यान’ आणि हिशेबाला ‘हेसाप’ म्हणतात. आहेत की नाही हे शब्द आपल्या ओळखीचे?

छोट्या काचेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा आला. एकामागून एक गालिचे उलगडले गेले. त्यातला एक तांबडा गालिचा माझ्या मनात भरला. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर. मुलाने इंग्रजीत किंमत सांगितली. आपल्या रुपयांत साधारण ४० हजार! माझे डोळेच पांढरे झाले. पण मी कसली गप्प बसते? म्हटलं, “निम्म्यात द्या.”

तो रागावला नाही. भाव करायची पद्धत तिकडेही आहेच. मी शिक्षिका आहे हे त्याला मघाशीच कळलं होतं. हसून म्हणाला, “होजाम, आधी दहा गाठी मारा, मग भावाचं बोलू.” (‘होजाम’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘सर’!)

तेयझेंनी मला शेजारी बसवून घेतलं. मागावर उभे धागे ताणलेले होते. त्यातल्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा तुकडा गुंडाळायचा, त्याची दोन्ही टोकं मधून बाहेर काढायची, खाली ओढायची आणि जास्तीची लोकर कापायची. झाली एक गाठ! अशी गाठींची ओळ पूर्ण झाली की आडवा धागा घालायचा आणि जड फणीने ठोकून घट्ट बसवायचा. मग पुढची ओळ.

ऐकायला सोपं वाटतं ना? मला एका गाठीला एक मिनिट लागलं. दहांपैकी तीन गाठी तर लगेच सुटल्या. उरलेल्या सात तेयझेंनी एकेक करून उसवल्या आणि पुन्हा नीट मारल्या. मी तुमच्या वह्या तपासते, तशीच त्यांनी माझी वही तपासली म्हणा ना!

त्या स्वतः मिनिटाला दहा गाठी मारत होत्या. मी पर्समधून कागद-पेन्सिल काढली. तुम्हीही काढा. त्या गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरला १६ गाठी होत्या. गालिचा १५० गुणिले १००, म्हणजे १५ हजार चौरस सेंटिमीटर. एकूण गाठी २ लाख ४० हजार! मिनिटाला १० म्हणजे तासाला ६००. रोज सहा तास बसलं तर दिवसाला ३,६००. म्हणजे जवळजवळ ६७ दिवस! ४० हजाराला ६७ ने भागलं तर दिवसाचे सहाशे रुपयेसुद्धा येत नाहीत. त्यातच लोकर, रंग आणि दुकानाचा खर्च. आणि मी म्हणत होते, निम्म्यात द्या. मला माझीच लाज वाटली.

ही जोडगाठ फार जुनी आहे. १९४९ साली सायबेरियातल्या अल्ताय पर्वतात, पाझिरिक इथल्या एका गोठलेल्या थडग्यात असाच गाठींचा गालिचा सापडला. तो सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा आहे! आज तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तो कुणाच्या बोटांनी विणला, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

मी तेयझेंना विचारलं, “तुम्ही केव्हा शिकलात?” बहिणीने तुर्कीत सांगितलं. त्यांनी सात बोटं दाखवली. सातव्या वर्षी! “आणि शाळा?” त्यांनी नुसती मान हलवली आणि फणी उचलली.

मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि तिची जागा रिकामी राहते. आपल्या देशात उत्तर प्रदेशात भदोही, मिर्झापूरकडे गालिचे विणतात. तिथेही कितीतरी लहान मुलं शाळा सोडून मागावर बसत. ते थांबावं म्हणून कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ साली ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली. ‘हा गालिचा मुलांकडून विणून घेतलेला नाही’ असं ती सांगते. आता तिचं नाव ‘गुडवीव्ह’ आहे. सत्यार्थींना २०१४ साली शांततेचं नोबेल मिळालं.

तेवढ्यात आजींची नात शाळेतून आली. आली ती थेट मागाकडेच धावली. आजींनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, “ओन्जे देफ्तेर!” बहीण अर्थ सांगायला लागली, पण मला ‘देफ्तेर’ कळलं होतं. आपलं दप्तर! तिकडे देफ्तेर म्हणजे वही. ‘आधी वही!’ नात गालिच्यांच्या ढिगावर बसून गणितं सोडवू लागली.

तो तांबडा गालिचा काही मला परवडला नाही. वहीएवढा एक तुकडा मात्र सांगितल्या किमतीला घेतला. निघताना बहिणीने शिकवलेलं वाक्य म्हटलं, “एलिनिझे सालक.” म्हणजे, तुमच्या हातांना आरोग्य लाभो! तेयझे खुद्कन हसल्या.

आता तुमचं काम. एका पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे दोरे ताणा आणि लोकरीच्या वीस गाठी मारा. किती वेळ लागला ते घड्याळात पाहा आणि मला कळवा. मग घरातली हाताने केलेली एखादी वस्तू शोधा. गोधडी असेल, टोपली असेल, नाहीतर आईने आज केलेल्या पोळ्या! ज्यांनी ती केली, त्यांच्या हातांसाठी तुम्ही काय म्हणाल?

तुमच्या बाई