दप्तरातले नाव

बंगळूर शहराच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. होसूर, सर्जापूर आणि रोड या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. संगणकाच्या व्यवसायातील तरुण मंडळींनी ती गजबजलेली असते. त्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही पुष्कळ. या वसाहतीस लागूनच अगर हे जुने गाव व त्याचा तलाव आहे. तेथील नवव्या शतकातल्या गंगकालीन शिलालेखात, एका स्थानिक अधिपतीने दोन तलावांना मोऱ्या बसविल्या व आणखी एक तलाव बांधविला, अशी नोंद आहे. बांधविणाऱ्याचे नाव अकराशे वर्षे टिकले. माती वाहणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत.

सार्वजनिक कामाच्या इतिहासात हा भेद वारंवार आढळतो. काम अनेकांचे असते, पण दप्तरात नाव चढते ते थोड्यांचे. आणि ज्याचे नाव दप्तरात नाही, त्याचा हक्क सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

बंगळूरच्या कब्बन उद्यानात लाल रंगाची एक भव्य इमारत आहे. आज तेथे उच्च न्यायालय भरते. परंतु लोक तिला अजून 'अट्टार कचेरी' म्हणतात. म्हैसूर संस्थानच्या कारभाराची अठरा खाती १८६८ च्या सुमारास तेथे आली, म्हणून हे नाव. संस्थानच्या कचेऱ्यांत एके काळी कन्नडबरोबर मराठीतही हिशेब लिहिले जात, हे कित्येक मराठी वाचकांस ठाऊक नसेल. पुढे १८९१ पासून वरिष्ठ नोकरीसाठी स्पर्धा-परीक्षा सुरू झाली. वशिल्यापेक्षा गुणवत्ता श्रेष्ठ, हे तत्त्व स्तुत्यच होते. पण परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचण्याची संधी कोणास मिळते, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर मोजणीवाचून मिळणारे नव्हते. १९१८ साली महाराजा कृष्णराज वाडियार यांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सरकारी नोकरीत कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, हे समितीने तपासले. लोकसंख्येने अल्प असलेल्या ब्राह्मण समाजाकडे बहुसंख्य अधिकारपदे असल्याचे दिसून आले. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या व खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा इतर समाजांस मिळाव्यात, अशी शिफारस समितीने केली. दिवाण विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते. त्याच वर्षी त्यांनी दिवाणपद सोडले. शिक्षण आधी वाढवावे की जागा आधी द्याव्या, याविषयी थोर माणसांतही असा प्रामाणिक मतभेद होता. ज्यांच्या घरात तोवर कोणी कचेरीची पायरी चढले नव्हते, त्यांना मात्र थांबण्याची किंमत ठाऊक होती.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे करवीरची आठवण होईल. राजर्षी शाहू छत्रपतींच्या हाती १८९४ साली कारभार आला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या, आणि कारकुनांच्या ५०० जागांपैकी केवळ १० इतरांकडे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्या हुकुमातील एक कलम फारसे सांगितले जात नाही : झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवावयाचा होता. कोरा हुकूम विसरला जातो. ज्याचा हिशेब द्यावा लागतो तोच पाळला जातो, हे महाराजांनी ओळखले होते.

आता पुन्हा अगर तलावाकडे वळू. एचएसआरच्या रस्त्यांवर भल्या पहाटे खराट्याचा आवाज ऐकू येतो. सफाई कामगारांना कर्नाटकात 'पौरकार्मिक' असे सन्मानाचे नाव आहे. परंतु त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या हाताखाली राबले. काम शहराचे, पण नाव शहराच्या दप्तरात नाही. मग हक्काची रजा कोठली आणि निवृत्तिवेतन कोठले? दीर्घ लढ्यानंतर १ मे २०२५ रोजी बंगळूर महानगरपालिकेच्या १२ हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. त्या कागदाचे मोल, ज्याने तो कधी मागितलाच नाही त्यास कळणार नाही.

आपल्या घरातही असे कागद असतील. आजोबांचे नेमणूकपत्र, आजींच्या शाळेतील नोकरीचा दाखला, सेवापुस्तकाची एखादी प्रत. जन्मतारीख कोणास सांगता येत नव्हती म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकली, आणि पुढे त्याच तारखेने निवृत्तीचा दिवस ठरला, अशी हकीकतही अनेक घरांत ऐकावयास मिळेल. हे कागद रद्दीत घालू नका. मुलांना जवळ बसवून ते वाचून दाखवा, आणि घरातील कोणाचे काम कोठेच नोंदले गेले नाही, हेही त्यांना सांगा. तो कोरा राहिलेला रकाना पाहण्याची सवय मुलांना लागली, तर उद्या त्यांच्यापैकी कोणी कचेरीत अधिकारी म्हणून बसेल, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव लिहून घेण्यास ते विसरणार नाहीत.