गोल्फ जीटीआय खाली बसवायची? आधी स्प्रिंगचं गणित बघा

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली. पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या, किंमत ५३ लाख रुपये एक्स-शोरूम. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, १०० गाड्या, किंमत पन्नास लाखांना एक हजार कमी. दोन्ही पूर्ण तयार होऊन आयात झालेल्या, दोघींत दोन लिटरचं २६५ पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन. अशी गाडी दारात आली की मालकाला सुचणारा पहिला बदल ठरलेला असतो: लोअरिंग स्प्रिंग. चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती फट रीलमध्ये डोळ्यांत खुपते ना!

आपल्यापैकी बहुतेकांकडे ५३ लाखांची गाडी नाही, हे मान्य. पण हेच गणित सेकंडहँड पोलोलाही लागू पडतं, आणि तिथे तर ते जास्त वेळा चुकतं.

मुळात जीटीआय साध्या गोल्फपेक्षा कंपनीतूनच १५ मिमी खाली येते. म्हणजे तुम्ही ३० मिमीची स्प्रिंग टाकता तेव्हा साध्या गोल्फच्या तुलनेत गाडी ४५ मिमी खाली बसते.

खाली बसते म्हणजे नक्की काय जातं?

लोकांना वाटतं, ग्राउंड क्लिअरन्स जातो. तो जातोच, पण त्याआधी जाते चाकाची वर सरकायची जागा. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते, आणि फारच दबली तर शेवटी बंप स्टॉप नावाचा रबरी किंवा फोमचा तुकडा लागतो. तो लागला की धक्का थेट बॉडीत येतो.

आता हिशोब करू. समजा गाडी उभी असताना चाकाला बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा आहे. ३० मिमीने खाली बसवली की उरले ५०. स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच खड्डा तेवढ्याच जागेत पचवायचा असेल तर स्प्रिंग ८० भागिले ५० च्या वर्गाइतकी, म्हणजे अडीच पटीहून कडक हवी. रोजच्या वापरासाठी विकल्या जाणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग इतक्या कडक नसतात, कारण तशी गाडी कोणी चालवणारच नाही. मग उरलेलं काम कोण करतं? बंप स्टॉप. बऱ्याच खाली बसवलेल्या गाड्या ‘कडक’ वाटतात त्या स्प्रिंगमुळे नव्हे, तर दर दुसऱ्या खड्ड्याला बंप स्टॉपवर आपटतात म्हणून.

शॉकअब्सॉर्बरचंही तसंच. तो मूळ स्प्रिंगच्या ताकदीला जुळवलेला असतो. स्प्रिंग कडक झाली आणि शॉक तोच राहिला, तर स्प्रिंग परत उसळते ते त्याला आवरत नाही. म्हणून नुसत्या स्प्रिंग बदलायच्या असतील तर १५ ते २० मिमीपर्यंतच थांबा, आणि त्याहून खाली जायचंच असेल तर स्प्रिंग आणि शॉक जुळवलेला सेटच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च खूप वाढतो. पण अर्धं काम करण्यापेक्षा न केलेलं बरं.

वळणावर गाडी कमी झुकेल, हेही अर्धसत्य आहे. गोल्फच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी जास्त खाली बसली की खालच्या आर्मचा कोन उलटा होतो, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणामी झुकण्याची ओढ वाढते. स्प्रिंगच्या कडकपणातून जे कमावलं त्यातलं काही इथेच खर्च होतं.

स्पीडब्रेकरचा हिशोब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंमी उंच असतो. गोल्फच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २.६ मीटर अंतर. म्हणजे गाडी मध्यावर असताना दोन्ही चाकं स्पीडब्रेकरवरच असतात, आणि पोटाखाली उंचवटा येतो तो फक्त ५ सेंमीचा! नाकाचं बघायचं तर, चाकाच्या मध्यापासून बंपरचं टोक ८५ सेंमी पुढे धरलं, तर चाक चढायला लागतं तेव्हा बंपरखाली सुमारे ७ सेंमी उंचवटा आलेला असतो. दहा सेंमी क्लिअरन्सची गाडीही यातून सुटते. फक्त ब्रेक दाबत चढायचं नाही, कारण ब्रेकने नाक खाली जातं.

मग सोसायटीच्या गेटपाशी गाडी खालून का घासते? कारण तिथला स्पीडब्रेकर त्या मापाचा नसतोच. एक-दीड फूट रुंदीचा, वीतभर उंच डांबराचा ढीग असतो. त्याच्यावर दोन्ही चाकं एकदम मावत नाहीत, त्यामुळे पूर्ण उंची पोटाला लागते. म्हणून स्प्रिंग निवडताना तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर टेपने मोजा. गंमत वाटेल, पण ब्रँडच्या कॅटलॉगपेक्षा तो आकडा जास्त कामाचा आहे.

दुसरं मोजमाप फोन करून देतो. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, ते फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर वाचतं. फोन गाडीच्या फ्लोअरवर घट्ट चिकटवा, ॲप सुरू करा आणि नेहमीच्या रस्त्याने जा. बॉडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते ते आलेखात दिसेल. साध्या गाडीत हा आकडा एक ते दीडच्या आसपास असतो, स्पोर्ट्स गाडीत त्याहून थोडा जास्त. आलेखात मध्येच सुईसारखी टोकं येत असतील, तर सस्पेन्शन आत्ताच बंप स्टॉपला टेकत असण्याची शक्यता आहे. अशा गाडीला आणखी खाली बसवणं म्हणजे आधीच कमी पडणारी जागा आणखी कापणं.

आता कायदा

या क्षेत्रातली दोन मोठी नावं, आयबाख आणि एच अँड आर, दोन्ही जर्मन. त्यांच्या बहुतेक स्प्रिंगसोबत तिथे एक तपासणी अहवाल येतो: कोणत्या गाडीला, प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती किलोपर्यंत वजनाला ही स्प्रिंग चालते. तो घेऊन तपासणी केंद्रात जायचं, गाडी दाखवायची, बदल नोंदवायचा. खरेदी करताना हा अ‍ॅक्सल वजनाचा आकडा बघाच, कारण एकाच गोल्फच्या डिझेल आणि पेट्रोल मॉडेलला वेगळ्या स्प्रिंग लागू शकतात.

आपल्याकडे हा कागद दाखवायला अशी सोपी खिडकीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. चाचणी झालेली जर्मन स्प्रिंग आणि गॅरेजमध्ये ग्राइंडरने कापलेली मूळ स्प्रिंग यांच्यात फरक करणारी व्यवस्थाच नाही, हा यातला खरा तोटा आहे. कापलेली स्प्रिंग चाक हवेत लटकलं की जागेवरून सुटू शकते, ती जीवघेणी आहे. पण कागदावर दोघीही तितक्याच संशयास्पद! दोन हजारांत काम उरकणाऱ्याला मग चांगली वस्तू घ्यायचं कारणच उरत नाही.

विम्याचा प्रश्न वेगळा. बदल कंपनीला लेखी कळवला नसेल, तर मोठ्या क्लेमच्या वेळी सर्वेअर पहिल्यांदा तेच काढतो.

एवढं सगळं करूनही स्प्रिंग टाकायचीच असेल, तर प्रोग्रेसिव्ह प्रकारची बघा. तिचे काही वेढे जवळजवळ असतात, ते आधी दबतात, त्यामुळे लहान खड्ड्यात मऊ वाटते आणि पुढे कडक होत जाते. एकसारख्या वेढ्यांची लिनियर स्प्रिंग बुद्ध सर्किटवर किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर जाणाऱ्यांसाठी ठीक. बसवल्यावर अलाइनमेंट लगेच करा, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतात. हेडलाइटची पातळी आणि काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही तपासून घ्या, लेन आणि ब्रेकची मदत त्याच कॅमेऱ्यावर चालते. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. गाडी विकायच्या दिवशी त्या लागतातच.