बसताच उठणारी कळ



पाठ दुखली की माणूस बोलून दाखवितो. गुडघा सुजला की तो चारचौघांत पुढे करतो. परंतु जेथे आपण बसतो तेथेच कळ येऊ लागली, तर पुष्कळ जण संकोचाने गप्प राहतात. स्त्रिया तर विशेषच. महिनेच्या महिने तेल चोळले जाते, कोणी जाणता "शीर धरली" म्हणून पाय ओढून देतो, आणि दुखणे घरात ठाण मांडून बसते. म्हणून ह्या आठवड्यात त्याविषयीच उघडपणे लिहावयाचे योजिले आहे.

आपल्या मांडीच्या मागील बाजूस तीन लांब स्नायू आहेत. खेळाडूंच्या भाषेत त्यांस हॅमस्ट्रिंग म्हणतात. वरच्या टोकाला हे स्नायू एका चिवट दोरीने बैठकीच्या हाडाशी बांधलेले असतात. ह्या दोरीला वैद्यकात कंडरा हे नाव आहे. कठीण बाकावर बराच वेळ बसले असता कुल्ल्याखाली जे बोचते, तेच ते हाड. गुडघा वाकविणे, वाकलेले धड उभे करणे, चढ चढणे ही ह्या स्नायूंची कामे होत.

बाग गावचेच उदाहरण घ्या. लेण्यांमुळे आणि ठशांच्या कापडामुळे हे नाव दूरवर पोहोचले आहे. ते कापड पारंपरिक पद्धतीत वाहत्या पाण्यात धुतात. धुणारा पाण्यात उभा राहतो, कमरेत वाकतो, भिजून जड झालेले कापड उचलून दगडावर आपटतो आणि पुन्हा वाकतो. कापसाच्या शेतात निंदणी करणारी बाईही दिवसभर अशीच वाकलेली असते. असे वाकताना ती कंडरा ताणली जाते, आणि त्याच वेळी हाडावर दाबलीही जाते. सवयीच्या शरीराला हे सोसते. परंतु काही महिन्यांच्या विसाव्यानंतर काम एकाएकी वाढले, तर कंडरेची झीज भरून येण्यास अवधी मिळत नाही आणि ती दुखू लागते. लांब पल्ल्याच्या धावपटूंनाही हे दुखणे अशाच कारणाने जडते.

ओळख अशी: वेदना खोल आणि एकाच जागी, बैठकीच्या हाडापाशी असते. बसल्यावर, वाकल्यावर व चढावर ती वाढते. सकाळी पहिली पावले जड जातात, मग थोडे चालल्यावर बरे वाटते. वेदना कमरेतून निघून पोटरीखाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर ती बहुधा पाठीच्या मज्जातंतूची, म्हणजे सायटिकाची असते. हा भेद डॉक्टरांनी तपासून ठरवावा.

फिनलंडमधील पुरानेन आणि ओरावा ह्या वैद्यांनी १९८८ साली बैठकीपाशी होणाऱ्या अशा वेदनेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा भर शस्त्रक्रियेवर होता. आज बहुतेक रुग्णांस प्रथम व्यायामच सांगितला जातो. २०१६ साली टॉम गूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पायऱ्या नीट मांडल्या. त्यांचे सार एवढेच की कंडरा मोजक्या भाराने सावरते. महिनाभर खाटेवर पडून राहिल्यास ती अधिकच दुबळी होते. पाय ओढून ताणल्यास ती हाडावर आणखी दाबली जाते.

पहिली पायरी: सतरंजीवर उताणे निजावे, गुडघे अर्धवट वाकवून टाचा जमिनीत रोवाव्यात, कंबर उचलावी आणि ४५ सेकंद तशीच धरावी. असे ५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दुसरी पायरी: त्याच स्थितीत कंबर हळूहळू वर-खाली करावी, जमल्यास पुढे एकाच पायावर. हे एक दिवसाआड. तिसरी पायरी: पाठ सरळ ठेवून कमरेत वाकावे आणि पाण्याची बादली उचलावी, पाणी आठवड्यागणिक वाढवावे. धावणे, उडी मारणे सर्वांत शेवटी. दुखणे दहापैकी तीनपर्यंत असले तर चालेल. दुसऱ्या दिवशी ते वाढलेले आढळले तर भार कमी करावा. ह्यास तीन ते सहा महिने लागतात, हे आरंभीच मनात धरावे.

मजुरीवर ज्यांचे घर चालते त्यांस काम सोडा असे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी वाकण्याचे काम सलग न करता मध्ये उभ्याचे काम घ्यावे, वाकताना गुडघे थोडे सैल ठेवावेत, जड ओझे दोन खेपांत न्यावे. घरच्या माणसांनी विहिरीवरची एखादी खेप आपल्याकडे घ्यावी. मोटारीत वा बाकावर बसताना गोधडीची घडी खाली घालावी आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

पाय घसरून मांडीत एकदम काही तुटल्यासारखे झाले, मोठा काळानिळा डाग पडला, पाय लुळा वाटला, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा ताप व रात्रीची वेदना असली, तर घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

इतरांनी सरकारी रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञास दाखवून फिजिओथेरपी कोठे मिळेल हे विचारावे. हे मालीशवाल्याचे काम नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी ह्या विद्येचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली ह्या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटनाही स्थापन झाली. त्यांच्यापुढे दुखरी जागा सांगण्यात लाज कसली? आपल्या घरात कोणी बसताना एका अंगावर कलत असेल, तर त्यास आजच प्रेमाने विचारा.