कपाटातील इंग्रजी पुस्तके

मंडळाच्या ग्रंथालयाची आवराआवर चालू असताना गेल्या बैठकीत एक सूचना पुढे आली. दिवंगत सभासदांच्या घरून आलेली इंग्रजी पुस्तके खिडकीलगतच्या कपाटात आहेत. वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्‌स, टेनिसन, पुढे एलियटपर्यंत. ती कोणी नेत नाही आणि मंडळ तर मराठीचे. सबब ती रद्दीत द्यावीत व कपाट दिवाळी अंकांसाठी मोकळे करावे, अशी ती सूचना. सूचकांच्या मराठीप्रेमाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु सूचनेला जो भराभर होकार मिळाला त्याने आम्ही अस्वस्थ झालो, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याच कपाटात पालग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ आहे. १८६१ साली निघालेला हा काव्यसंग्रह. त्याचा चौथा भाग वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्‌स यांनीच भरलेला आहे, आणि आधुनिक मराठी कवितेच्या जन्माची हकिगत त्या भागाला वगळून सांगताच येत नाही. ज्या केशवसुतांवर आपल्याकडे उत्साहाने व्याख्याने होतात, ते शिक्षणासाठी काही काळ आपल्या शेजारच्या बडोद्यास होते. त्यांचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे १८९२ चे सुनीत मराठीतील पहिले मानले जाते. त्याआधी चारच वर्षे, १८८८ मध्ये, भडोचच्या बलवंतराय ठाकोरांनी ‘भणकारा’ लिहून गुजरातीत सुनीत आणले होते. नरसिंहराव दिवेटियांची ‘कुसुममाळा’ त्याच्याही आदल्या वर्षीची, आणि तिच्यावर पालग्रेव्हची छाया आहे हे गुजराती अभ्यासक मोकळेपणाने सांगतात. पाच वर्षांच्या आत दोन शेजारी भाषा एकाच खिडकीतून बाहेर पाहू लागल्या. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहून दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे अप्रूप वाटू नये, याचे नवल वाटते.

ही नुसती नक्कल होती काय? वर्ड्‌स्वर्थने खेड्यातील साधी माणसे आणि त्यांची मुले कवितेत आणली. केशवसुतांनी ते वाचले आणि ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिला. इंग्लंडच्या सरोवरकाठी असा प्रश्न कोणा मुलाला पडण्याचे कारण नव्हते. तो आपल्याच गावकुसाबाहेरचा होता. तो कवितेत विचारण्याचे धैर्य मात्र परक्या कवितेच्या वाचनाने दिले.

बैठकीत एका आदरणीय सभासदांनी मेकॉलेचे नाव काढले. हा विषयच गुलामीचा, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप पोकळ नाही. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचे स्वतंत्र पदवी-अध्ययन १८९४ च्या सुमारास सुरू झाले. आपल्या विद्यालयांत ते साहित्य त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवले जात होते, आणि त्यामागचा सरकारी हेतू काही काव्यप्रेमाचा नव्हता. पण देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याची करणी यांत अंतर असते. याच सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवण्यास आलेल्या दादोबा पांडुरंगांनी दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने १८४४ मध्ये मानवधर्मसभा उभी केली. मराठीचे व्याकरण लिहिणारेही तेच दादोबा. इंग्रजी विद्येने त्यांची मराठी बुडाली असे कोणी म्हणेल काय?

मर्ढेकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. एलियटची ‘द वेस्ट लँड’ १९२२ मध्ये आली, आणि तिचा शेवट बृहदारण्यकातील उपदेशाने व शांतिपाठाने होतो. आम्ही ज्यांना परके म्हणून कपाटाबाहेर काढणार, ते आमचेच उपनिषद उशाशी घेऊन बसलेले! इकडे मर्ढेकर इंग्लंडात राहून, तिकडचे आधुनिक साहित्य पचवून परतले आणि यंत्रयुगातील मुंबईची होरपळ सांगण्यासाठी त्यांनी हाती घेतला तो संतांचा अभंग. ‘काही कविता’ १९४७ ची. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटलेही. त्यांच्या नव्या कवितांना जागा देणारे ‘अभिरुची’ हे मासिक पुण्यामुंबईचे नव्हते, बडोद्याचे होते. ते चालवणाऱ्या पुरुषोत्तम आत्माराम चित्र्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांनी पुढे तुकोबांना इंग्रजीत नेले. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाने ताठ मानेने सांगावा असा हा वारसा आहे. आम्ही मात्र तो विसरून गणेशोत्सवातील नाट्यछटांवर समाधान मानतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींविषयी. त्यांना इंग्रजी हवे आहे, साहित्य नको. परदेशी जाण्याच्या परीक्षेपुरते बोलता आले की झाले. जी थोडी मुले महाविद्यालयात हा विषय घेतात, त्यांनाही गाइडमधून ‘रोमँटिक कालखंडाची वैशिष्ट्ये’ पाठ करून परीक्षा देता येते. न पाहिलेल्या डॅफोडिलवर आमची नात दोन पाने लिहिते, बालकवींची ‘फुलराणी’ तिने ऐकलेलीही नसते. यात तिचा दोष नाही. तिला देवनागरी अक्षर लावून वाचावे लागते, कारण जुनी, प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या आपणच तिला मराठीपासून तोडले. आणि हेही लिहून ठेवतो, कोणाला रुचो न रुचो: आज या शहरात मराठी माध्यमात शिकून महाविद्यालयापर्यंत येणारी मुले आपल्या घरांतली नाहीत. ती लिंबायत-उधन्याकडची, खानदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची आहेत. ज्यांना मंडळाच्या पायरीवर आपण कधी बोलावले नाही, त्यांच्यातल्या एखाद्याने उद्या इंग्रजी साहित्य घेतले, तर कीट्‌स आणि केशवसुत दोन्ही मुळातून वाचू शकणारा तोच असेल. ठाकोर वाचायलाही त्याला अडचण पडणार नाही, गुजराती तो गल्लीतच शिकलेला असतो.

आमची मागणी मोठी नाही. कपाट राहू द्यावे. पालग्रेव्हशेजारी केशवसुत आणि ठाकोर, एलियटशेजारी मर्ढेकर अशी पुस्तके लावावीत. महिन्यातून एका रविवारी कोणीतरी तिन्ही भाषांतील एकेक कविता मोठ्याने वाचावी, आणि त्या दिवशी लिंबायतच्या मुलांना वर्गणी न मागता आत घ्यावे. दिवाळी अंकांसाठी जिन्याखालची जागा रिकामी आहे. तेथे मोडक्या खुर्च्या आहेत, त्या रद्दीत देण्यास आमची हरकत नाही.

कपाटाची किल्ली सध्या आमच्यापाशी आहे. पुढील बैठकीत मतदान होईपर्यंत ती आम्ही देणार नाही.