नागपूरहून परतल्यावर एक दिवस झोपेचा

अश्विन लागला की कंपन्यांच्या आणि कार्यालयांच्या फलकावर दिवसांची गर्दी होते. नवरात्रीचे नऊ रंग, १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन, १५ ऑक्टोबरचा हात धुण्याचा दिवस, मग दिवाळीचा फराळ. सगळ्यांना सामावून घेण्यासाठी हे चालले आहे, असे सांगतात. चांगले आहे. पण जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांतून कामावर जाणाऱ्यांचा या महिन्यातला सर्वात मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्या फलकावर क्वचितच दिसतो. फलकाचे आम्हाला फारसे दुःख नाही. आमचा प्रश्न झोपेचा आहे.

जळगावहून नागपूर रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर. धुळेकरांना त्याआधी चाळीसगाव किंवा जळगाव गाठावे लागते. जनरल डब्यात उभ्याने रात्र, दीक्षाभूमीवर दिवसभर ऊन आणि रांग, परतीची दुसरी रात्र आणि सकाळी थेट पाळीवर. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे थोडी दारू प्यायलेल्यासारखे मंद होतात, असे अभ्यास सांगतात. इथे तर दोन रात्री जातात. तोच माणूस मग जिनिंगच्या मशीनसमोर, डाळ मिलच्या पट्ट्याजवळ किंवा मालगाडीच्या स्टेअरिंगवर असतो. कापसाचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो. महिलांचे तर विचारूच नका, त्या घरात पाऊल टाकताच चुलीकडे वळतात. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासात चुकतात. सिकलसेल असलेल्यांना पाणी कमी पडले आणि दमणूक झाली तर वेदना उठू शकतात.

दसऱ्याला सुटी असतेच की, असे मालक म्हणतात. सगळीकडे नसते. जळगावच्या सराफ बाजारात दसरा म्हणजे सोनेखरेदीचा मुहूर्त, वाहनांच्या शोरूममध्येही तीच धांदल. त्या दिवशी विक्रीवरच्या पोरांना सुटी मागण्याची सोय नसते. जिथे काम बंद, तिथे सकाळी मशीनची पूजा, वर्गणी आणि नारळ. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्याने काय करावे? आमचे मत असे की मशीन स्वच्छ पुसून द्यावे, पेढा खायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पूजेला उभे राहण्याची सक्ती मात्र नको आणि बाजूला थांबणाऱ्याला पुढे वर्षभर टोमणेही नकोत. (आपल्यापैकी काही जण पूजा करणाऱ्यांची थट्टा करतात, तेही आम्हाला पटत नाही.) टोमण्यांनी माणूस आतून खचतो, झोप उडते, चिडचिड घरच्यांवर निघते. १० ऑक्टोबरच्या व्याख्यानात नेमके हेच येत नाही. कंत्राटी सफाई कामगार बाईंना त्या व्याख्यानाला बसवतात का, हेही एकदा पाहावे.

रजा ही मेहेरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यांतल्या पगारी सुटीची तरतूद १९४५ साली कायद्यात आली. १९४६ साली कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. हे आपण जयंतीला ऐकतो, पण स्वतःची रजा मागताना जीभ अडखळते.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना, कार्यालयांना, हॉटेलांना लागू आहे. त्यात वर्षाला आठ पगारी सण-सुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. म्हणजे बोलायचे डिसेंबरात. ऑक्टोबरात मागितले तर यादी केव्हाच लागलेली असते. चारांतल्या एकदोन दिवाळीला जातील. शेजारी काम करणाऱ्या मुस्लिम भावाला ईद हवी असते, तेव्हा आधी त्याच्याशी बोलावे आणि दोघांनी मिळून मागावे. आम्हाला विचाराल तर दसऱ्याला दुकान बंद राहत असेल तिथे दसऱ्यानंतरचा दिवस मागा. तो झोपेचा दिवस.

याच कायद्यात आठ दिवसांची नैमित्तिक रजाही आहे. ती न वापरता राहिली तर वर्षअखेर बुडते. दोन दिवस नागपूरसाठी राखून ठेवावेत. कारखान्यांना हा कायदा लागत नाही, तिथे युनियनकडे किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे. त्या संख्येपेक्षा कमी माणसांच्या दुकानात मालकाशी बोलण्यावाचून मार्ग नाही, पण तिथेही आधी सांगितलेले बरे.

मन फार जड झाले, झोप येत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. मराठीत बोलता येते.

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारात वही-पेन घेऊन बसावे. लिहिता येणाऱ्या पोरापोरींनी बाकीच्यांचे अर्ज लिहून द्यावेत. अर्जात तारीख, सुटीचे कारण म्हणून ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ आणि खाली जितक्या जमतील तितक्या सह्या. दोन प्रती काढाव्यात आणि दुसरीवर पोच घ्यावी.