गाढवावर बसून आलेला राजा



हरभरा वर आला आहे, कपाशीची वेचणी चालू आहे. याच सुमारास, नोव्हेंबरच्या अखेरीस, आपल्यातले कॅथलिक बांधव ख्रिस्तराजाचा सण पाळतात. सण तसा नवाच. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ साली सुरू केला.

राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हत्ती नि अंबारी येते. हा राजा यरुशलेमेत शिरला तो गाढवावर बसून, आणि तेही दुसऱ्याचे मागून आणलेले! आपल्याकडे गाढवावर बसवतात ते धिंड काढायला. त्या मुलखात गाढव इतके हलके मानीत नसत, हेही खरे. पण लढाईला निघालेला राजा घोड्यावर असे. सलोख्याने येणारा गाढवावर. पुढे शेवटच्या जेवणाच्या रात्री याच राजाने कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले. औतावरून आलेल्या सालगड्याचे पाय मालकाने धुवावेत, तसेच हे.

अशा राजाचा मान हारतुऱ्यांनी कसा राखणार? भुकेल्याला दिलेला घास मलाच पोचतो, असे त्याने सांगून ठेवले होते. पंडिता रमाबाईंनी ते मनावर घेतले. त्यांचे स्वतःचे आईवडील नि बहीण दुष्काळाच्या हालांत गेलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलीबायकांना पुणे जिल्ह्यात केडगावी घेऊन आल्या. मी शेतीखात्यातला माणूस, म्हणून माझे लक्ष पुढच्या गोष्टीकडे जाते. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम नि छपाईही शिकवली. नुसते अन्नछत्र उघडून त्या थांबल्या नाहीत.

आता माझे सांगतो. नोकरीला लागून दोनेक वर्षे झाली होती. एका गावी बोंडअळीवर बैठक होती. पारावर मला खुर्ची, समोर बागायतदार मंडळी. एक मजुरीवर जाणारी बाई, स्वतःची जमीन अर्धा एकर, किडकी बोंडे पदरात बांधून मागे उभी होती. "मावशी, जरा थांबा," मी म्हणालो. चहा झाला, फोटो झाला. जीपमध्ये बसलो तरी ती उभीच. "असू द्या साहेब, पुढल्या खेपेला दाखवीन," म्हणाली.

माझी पुढली खेप दोन महिन्यांनी झाली. तोवर तिने पऱ्हाटी उपटून टाकली होती. मला मात्र तिने पाणी विचारले. प्यायलो, पण घशाखाली उतरेना.

तेव्हापासून गावात गेलो की सर्वांत मागे कोण उभे आहे, ते आधी पाहतो. दर वेळी जमते असे नाही. परवा भर दुपारी एक आजोबा वाळलेले तुरीचे झाड घेऊन दारात आले. ताटावरून उठायचे जिवावर आले होते. उठलो.

मर रोग होता. त्याविषयी पुढच्या अंकी.