बाहेर पडण्याआधी कागद वाचा

गेल्या काही महिन्यांत आम्ही ज्या ज्या गावच्या बैठकीला गेलो, तिथे एकच वाद ऐकला. वेगळ्या विदर्भासाठी सार्वमत घ्यावे, असा ठराव जिल्हा मेळाव्यापुढे येणार आहे. एक गट म्हणतो, आता थांबायचे नाही. दुसरा म्हणतो, राज्य वेगळे झाल्याने कपाशीला भाव मिळणार आहे का? वाद व्हावा, त्यात वावगे काही नाही. पण एका बैठकीतून दोन जुने कार्यकर्ते एकमेकांशी न बोलता उठून गेले. एकाच आंदोलनात तुरुंगात गेलेली ही माणसे. ते पाहून हा लेख लिहायला घेतला.

त्याच बैठकीत एक तरुण म्हणाला, "विलायतेनं एका दिवसात मत घेऊन निकाल लावला. आपण साठ वर्षं नुसत्या सभा घेतोय." टाळ्या पडल्या. विलायतेने एका दिवसात निकाल लावला हे मात्र खरे नाही. तिथे काय झाले, आणि मुख्य म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचे काय झाले, ते नीट पाहू.

ब्रिटन १९७३ साली युरोपच्या सामायिक बाजारात गेले. १९७५ साली तिथे सार्वमत झाले, तेव्हा ६७ टक्के लोकांनी आत राहायचे म्हटले. ४१ वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी पुन्हा विचारले गेले : युरोपीय महासंघात राहायचे की बाहेर पडायचे? ५१.९ टक्के म्हणाले बाहेर, ४८.१ टक्के म्हणाले आत. म्हणजे शंभरातले बावन्न एकीकडे आणि अठ्ठेचाळीस दुसरीकडे. इंग्लंड आणि वेल्स बाहेर म्हणाले. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी आत म्हणाले, उत्तर आयर्लंडही आत म्हणाले. लंडन शहर आत, तर भाजीपाल्याच्या शेतीचा बोस्टन भाग ७५ टक्क्यांहून जास्त बाहेर. घराघरांत फूट पडली. प्रचाराच्या काळात, मतदानाला आठवडा उरला असताना, जो कॉक्स या मजूर पक्षाच्या महिला खासदाराचा भर रस्त्यात खून झाला.

शेतकरीही दुभंगला होता. तिथल्या मोठ्या शेतकरी संघटनेच्या कौन्सिलने एप्रिल २०१६ मध्ये ठराव केला की शेतकऱ्याचे हित आत राहण्यात आहे. सभासदांत मात्र एकमत नव्हते. शेती खात्याच्या मंत्री लिझ ट्रस आत राहा म्हणत होत्या, आणि त्यांच्याच खात्याचे राज्यमंत्री जॉर्ज युस्टिस बाहेर पडा म्हणत गावोगाव फिरत होते.

बाहेर म्हणणारा शेतकरी मूर्ख नव्हता. त्याची तक्रार खरी होती. २०१५ पासून युरोपने नियम घातला की ३० हेक्टरच्या वर नांगरटीची जमीन असेल तर किमान तीन पिके घ्यायचीच. जमिनीच्या दृष्टीने फेरपालट चांगली, हे आम्ही शेतीशास्त्र शिकलेले लोक नाकारणार नाही. पण आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास घालायला कोणाचा हुकूम लागत नाही. पाऊस, जमीन आणि घरातली गरज पाहून शेतकरी ते ठरवतो. कोणत्या शेतात काय पेरायचे ते ब्रुसेल्सचा कारकून ठरवणार आणि उपग्रहातून मोजणार, हे त्याला सहन झाले नाही. यातली चीड आपल्याला समजायला हरकत नाही.

आत म्हणणाराही भित्रा नव्हता. ब्रिटनच्या शेतकऱ्याला युरोपच्या तिजोरीतून वर्षाला सुमारे ३०० कोटी पौंड मिळत होते, तेही मुख्यतः हेक्टरच्या हिशेबाने. डोंगराळ भागातल्या कित्येक मेंढपाळांचा संसार त्यावर चालत होता. परदेशी जाणाऱ्या मेंढीच्या मांसातले दहातले नऊ हिस्से युरोपातच जात. फळे-भाजी तोडायला मजूर युरोपच्या पूर्वेकडून येत. हे सगळे एका मतावर सोडायचे का, हा त्याचा सवाल होता.

दोन्ही बाजूंनी थापाही मारल्या. बाहेरवाल्यांनी बसगाडीवर लिहिले की दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते दवाखान्यांना देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. आतवाल्यांच्या अर्थमंत्र्याने धमकी दिली की बाहेर पडलात तर लागलीच जादा कर बसवणारा अर्थसंकल्प आणावा लागेल. तो कधी आलाच नाही.

पण खरी मेख कागदावर होती. मतपत्रिकेवर 'बाहेर' हा एकच शब्द. बाहेर म्हणजे कुठे? बाजार उघडा राहणार की बंद? पैसे कोण देणार, किती वर्षे? मजूर येणार का? याचे उत्तर कागदावर नव्हते. ज्याने त्याने आपल्या मनातले बाहेर निवडले. युस्टिस यांनी शेतकऱ्यांना सांगितले होते की मदत आत्ताएवढीच, कदाचित जास्तच मिळेल. शेतकऱ्याने ते मनात लिहून घेतले. कायद्यात ते कोणीच लिहिले नव्हते.

निकालानंतर पंतप्रधान कॅमेरॉन पायउतार झाले. पुढच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार २०१९ साली संसदेने तीन वेळा फेटाळला. कारण मत दिलेल्या लोकांनाच काय, सत्ताधारी हुजूर पक्षालाही बाहेर म्हणजे काय ते ठरवता येत नव्हते. शेवटी ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि त्या वर्षअखेर जुनी व्यवस्था संपली. एका दिवसाच्या मताला साडेचार वर्षे लागली, हा त्या तरुण मित्राला हिशेब.

आणि शेतकऱ्याचे? तीन पिकांची सक्ती गेली, हे खरे. पण हेक्टरी मदतही २०२१ पासून इंग्लंडमध्ये दरवर्षी कापायला सुरुवात झाली, ती २०२७ पर्यंत संपवण्याचा बेत. तिच्या जागी कुंपणाची झुडपे, पाणी, माती, पक्षी सांभाळण्यासाठी पैसे देण्याची योजना आली. त्यातल्या मुख्य योजनेचे नवे अर्ज ११ मार्च २०२५ रोजी एकाएकी बंद झाले, ठरलेला निधी वाटून संपला म्हणून. खाटकांची टंचाई पडली, तेव्हा २०२१ च्या अखेरीस तयार झालेली धडधाकट डुकरे शेतकऱ्यांना गोठ्यातच मारून टाकावी लागली. त्याच डिसेंबरात सरकारने ऑस्ट्रेलियाशी करार करून तिथल्या गोमांसाला आणि मेंढीच्या मांसाला टप्प्याटप्प्याने दार उघडले. पुढल्या वर्षी, मंत्रिपद गेल्यावर, युस्टिस यांनीच संसदेत सांगितले की तो करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता. बाहेर पडा म्हणत फिरलेला हाच माणूस! करार झाला त्या दिवशी शेती खात्याच्या खुर्चीवरही तोच होता.

कोणी म्हणेल, म्हणजे आत राहणेच बरोबर होते. आम्ही तसे म्हणत नाही. बाहेर पडल्यामुळेच ब्रिटनला २४ जुलै २०२५ रोजी भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता आला, आणि आपल्या सुताकापडाला तिथे करमुक्त वाट देण्याचे त्यात कबूल झाले. बाहेर पडणे पाप नाही आणि आत राहणे पुण्य नाही. सवाल एवढाच की अटी कोण लिहितो आणि केव्हा लिहितो. मत आधी आणि अटी मागून, असे झाले की अटी लिहिताना शेतकरी खोलीबाहेर असतो.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे केंद्रशासित. दोन पाने ३४ हजारांवर मतांनी जिंकली. ज्यांना गोव्याचे स्वतःचे राज्य हवे होते त्यांच्यासाठी त्या कागदावर चिन्हच नव्हते. ते राज्य मिळायला १९८७ साल उजाडावे लागले. जो सवाल लिहितो, तो अर्धे उत्तरही लिहून ठेवतो.

आता आपल्याकडे. लहान राज्यांना आमचा विरोध नाही. १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली वचने कशी पाळली गेली ते सिंचनाचा अनुशेष सांगतो. लिहिलेल्या वचनांची ही गत, तर न लिहिलेल्यांची काय होईल? पण दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. एक, घटनेच्या तिसऱ्या कलमाने नवे राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे, सार्वमताची तरतूद त्यात नाही. आंध्रच्या विधानसभेने नको म्हटले तरी २०१४ साली तेलंगण झालेच. दोन, कपाशीच्या भावाची दोरी मुंबईत नाही आणि उद्या नागपुरातही नसेल. १९ ऑगस्ट २०२५ ला रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क उठले, ते दिल्लीच्या एका अधिसूचनेने, आपल्या शेतात बोंड फुटायच्या आधी. वेगळे राज्य झाले असते तरी ते उठलेच असते.

उलट जे राज्याच्या हातात असते, त्याचे आधी लिहून घ्या. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत आपला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणे हा गुन्हा होता, ते विसरलात काय? नव्या राज्याला नवी हद्द येईल. ती हद्द कापसासाठी, ज्वारीसाठी, सरकीसाठी खुली राहील, हे लेखी हवे. जुन्या राज्याच्या कर्जातला किती वाटा आपल्या डोक्यावर येणार आणि अनुशेषाचा पैसा कोण देणार, हे लेखी हवे. आणि या अटी ठरल्यावर त्या पुन्हा लोकांपुढे याव्यात.

म्हणून आमचे म्हणणे असे की मेळाव्यात नुसत्या 'हो' किंवा 'नाही'ला हात वर करू नका. या तीन अटी ठरावात घालण्याची दुरुस्ती मांडा आणि मग मत द्या. हो म्हणणाऱ्यालाही त्या लागतील आणि नाही म्हणणाऱ्यालाही.

एक शेवटचे. डंकेल प्रस्तावावरून नव्वदच्या दशकात देशातल्या शेतकरी संघटना दोन बाजूंना उभ्या राहिल्या. शरद जोशी एकीकडे, कर्नाटकातले नंजुंडस्वामी दुसरीकडे. त्या फुटीचा फायदा शेतकऱ्याला झाला नाही. बैठकीतून उठून गेलेल्या त्या दोघांना आमची हात जोडून विनंती आहे, मेळाव्याला एकाच गाडीने या. वाटेत भांडा हवे तर. ठराव पास होवो की पडो, मोंढ्यावर माल घेऊन दोघांना एकाच रांगेत उभे राहायचे आहे.